मुंबईकरांसाठी वाइल्डलाइफ फोटोग्राफी: लेन्स कुठली घ्यायची आणि ती टेकवायची कशावर

"दीडशे-सहाशे घेऊ का?" हा १५०-६०० एमएमच्या मोठ्या झूम लेन्सबद्दलचा प्रश्न दरवर्षी दिवाळीचा बोनस आला की सुरू होतो. माझा त्यावर उलट प्रश्न एकच, रविवारी सकाळी तुम्ही जाणार कुठे? कारण ताडोबाला वर्षातून एकदा जाणार, तेही सुट्टी मिळाली आणि बुकिंग मिळालं तर, बाकीचे सगळे रविवार बोरिवलीचं नॅशनल पार्क, भांडुप पंपिंग स्टेशन, शिवडी, कर्नाळा, येऊर, नाहीतर सोसायटीच्या मागचं उंबराचं झाड ज्यावर तांबट आणि हळद्या येतात. लेन्स या बाकीच्या रविवारांसाठी घ्यायची. ताडोबासाठी हवी ती मोठी लेन्स मुंबईत भाड्याने मिळते, तीन-चार दिवसांसाठी आणा आणि परत करा.

आणि पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा: आधी लेन्स, मग सपोर्ट (लेन्स टेकवायचं साधन), बॉडी म्हणजे नुसता कॅमेरा सगळ्यात शेवटी. सहा-सात वर्षं जुन्या बॉडीवर चांगली लेन्स लावून मस्त फोटो येतात, उलटं केलं तर नाही येत.

आधी अंतराचा हिशोब करा

दुकानात जायच्या आधी कागद-पेन घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. क्रॉप सेन्सरचा, म्हणजे छोट्या सेन्सरचा, कॅमेरा असेल (हौशी लोकांपैकी बऱ्याच जणांकडे तोच असतो) तर प्राणी किती मीटरवर आहे त्या आकड्याला २४ ने गुणायचं आणि लेन्सच्या एमएमने (लेन्सवर लिहिलेला आकडा, जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं) भागायचं, जे उत्तर येईल तितके मीटर रुंदीचं दृश्य तुमच्या फ्रेममध्ये मावतं. फुल फ्रेम (मोठा सेन्सर) असेल तर २४ च्या जागी ३६. कॅननच्या क्रॉपला २२ धरा, फार फरक पडत नाही.

आता वेडा राघू घ्या. शेपटीच्या त्या दोन बारीक काड्या सोडल्या तर पक्षी जेमतेम १७-१८ सेंटीमीटरचा. तारेवर बसलाय, तुम्ही १० मीटरवर उभे. ३०० एमएम लावली तर फ्रेमची रुंदी येते ८० सेंटीमीटर, म्हणजे पक्षी फ्रेमच्या पाव भागातसुद्धा नीट भरत नाही. ६०० लावली की ४० सेंटीमीटर, पक्षी जवळपास अर्धी फ्रेम भरतो. लहान पक्ष्यांसाठी लोक ५००-६०० च्या मागे का लागतात ते इथे कळतं.

पण हाच हिशोब वाघाला लावून बघा. सफारीच्या जिप्सीपासून १५ मीटरवर वाघ रस्त्यावर आला, ६०० एमएमला फ्रेममध्ये मावतात ६० सेंटीमीटर, म्हणजे फक्त चेहरा. १०० एमएमला ३ मीटर ६० सेंटीमीटर, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत अख्खा वाघ आणि थोडं जंगल. म्हणून पहिली मोठी लेन्स झूमच घ्या असं माझं ठाम मत आहे, प्राइम (एकाच एमएमची, झूम न होणारी) लेन्स कितीही शार्प असली तरी जिप्सीत बसून तुम्ही मागे सरकू शकत नाही, खाली तर उतरताच येत नाही.

शिवडीचं तिसरंच गणित. रोहित (फ्लेमिंगो) ५०-६० मीटरवर, ३०० एमएमला चार ते पाच मीटरची फ्रेम. एकट्या पक्ष्यासाठी ती फार मोठी पण थव्यासाठी बरोबर. आणि तिथे लेन्सपेक्षा भरती-ओहोटीचं टाइमटेबल जास्त कामाचं, कारण पाणी चढायला लागलं की चिखल कमी होत जातो आणि पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. पूर्ण ओहोटीला गेलात तर ८०० एमएमलासुद्धा गुलाबी ठिपकेच दिसणार. शिवडीची जेट्टी पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य समोरून येतो, दुपारनंतर तुमच्या पाठीमागून. म्हणून दुपारी उशिरा भरती असलेला दिवस निवडा. अटल सेतू आता फ्रेममध्ये येतोच, त्याला टाळण्यापेक्षा फ्रेममध्ये घ्या असं मला वाटतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. भर दुपारी लांबचा फोटो मऊ आला की लोक लेन्सला शिव्या घालतात. तापलेल्या चिखलावरून, डांबरावरून वर येणारी गरम हवा हलत असते, ती कुठलीच लेन्स शार्प करू शकत नाही, तीस लाखांची असली तरी. लेन्स खराब आहे असं ठरवायच्या आधी सकाळी सात वाजता २० मीटरवरचा फोटो काढून बघा.

मग उजेड

एफ/ च्या पुढचा आकडा म्हणजे लेन्सचं अपर्चर (आतलं छिद्र) किती उघडतं ते, आकडा लहान तितका उजेड जास्त. एफ/२.८ आणि एफ/५.६ मध्ये उजेडाचा चौपट फरक असतो. म्हणजे तोच शटर स्पीड ठेवायचा तर एकाला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० पुरतो, दुसऱ्याला ६४०० लागतो. नॅशनल पार्कच्या आत दाट झाडीत, कर्नाळ्याच्या वाटेवर, पावसाळ्यात नवरंग पक्षी शोधताना हे जाणवतं. उघड्यावर, खाडीवर, गवताळ माळावर अजिबात जाणवत नाही.

पण म्हणून एफ/२.८ च्या मोठ्या लेन्सच्या नादी लागू नका. ४०० एफ/२.८ किंवा ६०० एफ/४ या लेन्सच्या किमतीत बऱ्यापैकी गाडी येते, हौस म्हणून करणाऱ्याने तो विषय काढायचा नाही. एफ/५.६ आणि एफ/६.३ मध्ये फक्त एक तृतीयांश स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), त्यावरून रात्र रात्र रिव्ह्यू बघत बसू नका, आजकालचे नॉइज काढणारे सॉफ्टवेअर एवढं आरामात सांभाळून घेतात.

टेलिकन्व्हर्टरचं (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून एमएम वाढवणारा जोड) मात्र नीट समजून घ्या. १.४ पटीचा लावला की एक स्टॉप उजेड जातो, २ पटीचा लावला की दोन. म्हणजे एफ/६.३ ची लेन्स १.४ लावून एफ/९ होते, आणि साध्या डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाचा असतो, काहींचा एफ/८ पर्यंत. मिररलेसवर (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) फोकस होतो पण उजेड तर गेलेलाच असतो. स्वस्त झूमवर टेलिकन्व्हर्टर लावण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा, नाहीतर फोटो क्रॉप करा.

वजन, आणि पाण्याच्या बाटलीची टेस्ट

हे कोणी विचारत नाही आणि नंतर लेन्स कपाटात पडून राहते. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी साधारण १.९ किलो, तिचीच स्पोर्ट्स आवृत्ती २.८ किलोच्या पुढे. निकॉनची जुनी २००-५०० एफ/५.६ आहे २.३ किलो. सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० दोन्ही २.१ किलोच्या आसपास. कॅननची आरएफ (मिररलेसची मालिका) १००-५०० कॉलर (ट्रायपॉडला जोडायची कडी) काढून १.३७ किलो, आणि छोटी आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅम.

आता दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली घ्या, दोन्ही हातांनी डोळ्यासमोर धरा, कोपरं पोटाला टेकवून, आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबा. शेवटच्या वीस सेकंदांत हात थरथरायला लागले तर तुम्हाला एकतर हलकी लेन्स हवी नाहीतर मोनोपॉड (एका पायाचा स्टँड), दोन्हीपैकी एक आधीच ठरवा. घरातल्या आई-बाबांसाठी घेत असाल (रिटायर झाल्यावर हा छंद लागलेले बरेच काका-काकू भांडुपला भेटतात) तर त्यांच्याच हातात बाटली द्या, तुमच्या नाही.

आता प्रत्यक्ष लेन्स

अगदी सुरुवात असेल तर कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० एएफ-पी. कुणी काहीही म्हणो, या लेन्सवर शिकता येतं. बगळे, ढोकरी, घार, नॅशनल पार्कातली हरणं आणि माकडं, सगळं होतं. पक्ष्याच्या जवळ कसं जायचं, त्याला न उडवता कसं थांबायचं, हे ३०० एमएम जेवढं शिकवते तेवढं ६०० शिकवत नाही.

दुसरी पायरी, आणि मला विचाराल तर मुंबईतल्या बहुतेकांनी इथेच थांबावं, ती म्हणजे १००-४०० ची हलकी झूम. आरएफ १००-४०० एफ/५.६-८ आहे, संध्याकाळी लवकर हार मानते हे खरं, पण पाठीवरच्या साध्या सॅकमध्ये मावते, विरार लोकलला लटकून जाता येतं आणि फोकस ८८ सेंटीमीटरपर्यंत होतो, त्यामुळे घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं काढायला वेगळी मॅक्रो (अगदी जवळून काढायची लेन्स) लागत नाही. जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो हा आकडा प्रत्येक लेन्सचा बघाच. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररीचा २.८ मीटर आहे, कॅननच्या आरएफ ८०० एफ/११ चा तर ६ मीटर, म्हणजे शिंजीर समोरच्या जास्वंदीवर येऊन बसला तर तुम्हालाच मागे मागे जावं लागणार.

तिसरी पायरी १५०-६०० किंवा २००-६०० वाल्या. ज्यांचं मन खरंच लहान पक्ष्यांत आणि खाडीवरच्या तुतवारांत रमलंय त्यांच्यासाठी. यात एक फरक आवर्जून बघा: सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० झूम करताना लांब होत नाहीत, सगळी हालचाल आतल्या आत. सिग्मा, टॅमरॉनच्या १५०-६०० बाहेर येतात, झूम केलं की तोल पुढे जातो, आणि दमट हवा-धूळ आत ओढली जाण्याची शक्यता थोडी जास्त. वापरू नये असं नाही, हजारो लोक वापरतात, फक्त पुढे गिंबलचा (मोठी लेन्स तोलून फिरवणारं ट्रायपॉडचं हेड) विषय आला की हे आठवा.

पावसाळा वेगळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ताडोबाचा कोअर (आतला मुख्य भाग) बहुतेक काळ बंदच असतो, खाडीवर रोहित फारसे नसतात, तेव्हा बेडूक, कोळी, साप. त्यासाठी ९० ते १०५ एमएमची मॅक्रो आणि फ्लॅशवर डिफ्यूझर (उजेड मऊ करणारं आवरण), बस. बेडकाला उचलून "चांगल्या" पानावर ठेवायचं नाही, फोटो जिथे तो बसलाय तिथला काढायचा. घरट्यांचंही तेच, लेन्स कितीही लांबची असो, घरट्यासमोर ठाण मांडून बसायचं नाही.

जुनी लेन्स घेताना

फोर्टात बोरा बाजारच्या गल्लीत गेलात की नव्या-जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं शेजारी-शेजारी मिळतात. भाव करा, पण जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी आहे का हे आधी विचारा, बिल नको असेल तर कमी करतो असं कोणी म्हणालं तर ते कमी केलेले पैसे पुढे रिपेअरला जातात असं समजा.

जुनी लेन्स असेल तर मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, सौदा तिथेच थांबवा. थोडी धूळ असली तर चालते, फोटोत दिसत नाही. झूम रिंग फिरवताना कुठे अडकते का, फोकसला किरकिर येते का, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) चालू केल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडी मारतं का, ते बघा. मग समोरच्या दुकानाची पाटी साधारण २० मीटरवरून टेकवून काढा, लेन्स पूर्ण लांब, अपर्चर पूर्ण उघडं, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम करून चारही कोपरे बघा, एक बाजू धूसर आणि दुसरी शार्प असेल तर लेन्स कधीतरी आपटलेली आहे.

निकॉनवाल्यांनी अजून एक बघायचं. जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही, एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्ससाठीचा जोड) लावून निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवरही नाही. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स मात्र अडॅप्टरने आरएफ बॉडीवर व्यवस्थित चालतात, म्हणून जुन्या बाजारात कॅननवाल्यांची चंगळ आहे.

टेकवायचं कशावर

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी घालवतात. लेन्स घेतली की लगेच ट्रायपॉड, असं डोक्यात बसलेलं असतं. मुंबईत वाइल्डलाइफसाठी ट्रायपॉड तिसऱ्या नंबरवर येतो. पहिला बीनबॅग (धान्य भरलेली पिशवी), दुसरा मोनोपॉड.

बीनबॅगला चारशे-पाचशे रुपयांच्या वर खर्च करायची गरजच नाही. जुन्या जाड जीन्सचा एक पाय कापा, शिंप्याकडून मधोमध शिलाई मारून दोन कप्पे करून घ्या, म्हणजे जिप्सीच्या दांड्यावर घोड्याच्या खोगिरासारखी दोन्हीकडे लटकते, आणि प्रत्येक कप्प्याला चेन लावा. मुंबईहून रिकामीच न्यायची, सॅकमध्ये घडी घालून. ताडोबाजवळ मोहर्लीला किंवा चंद्रपूरला उतरलात की तीन किलो तांदूळ नाहीतर चणाडाळ घ्या, भरा. गच्च भरायची नाही, साधारण तीन चतुर्थांश भरा, म्हणजे लेन्स टेकवून थोडी दाबली की स्वतःची खाच करून बसते. थर्माकोलचे दाणे हलके म्हणून लोक भरतात, पण त्यावर दोन किलोची लेन्स डुलते. ट्रिप संपली की धान्य तिथेच देऊन टाका. भरलेली बॅग घरी आणून कपाटात ठेवलीत तर मुंबईच्या दमटपणात महिन्याभरात धान्यात टोके (किडे) होतात आणि मग घरचे कॅमेऱ्यासकट तुम्हाला बाहेर काढतात.

जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागाच नसते, सहा लोकांचे पाय आणि बॅगा. बीनबॅग ठेवा, ड्रायव्हर दादांना इंजिन बंद करायला सांगा (इंजिन चालू असेल तर बीनबॅगवरसुद्धा थरथर येते) आणि शेजारच्यांना सांगा की फोटो काढताना उठबस करू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

मोनोपॉड हा मुंबईकराचा खरा मित्र. लोकलच्या रॅकवर आडवा मावतो, नॅशनल पार्कच्या वाटांवर काठीसारखा चालतो, आणि कुठला वॉचमन अडवत नाही. ट्रायपॉड उघडला रे उघडला की "शूटिंग आहे का, परमिशन कुठाय" सुरू होतं, मोनोपॉडकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्यावर बॉलहेड (सगळीकडे वळणारं हेड) लावू नका, फक्त पुढे-मागे झुकणारं साधं टिल्ट हेड लावा, डावं-उजवं तर मोनोपॉड फिरवला की होतं. उभं राहताना मोनोपॉड सरळ खाली टेकवायचा नाही, किंचित पुढे टेकवा आणि स्वतः त्यावर थोडे रेला, तुमचे दोन पाय आणि तो तिसरा. उंची करताना वरचे जाड भाग आधी उघडा, सगळ्यात खालचा बारीक भाग गरज लागली तरच.

आणि लेन्सच्या कॉलरला स्क्रू लावायचा, कॅमेऱ्याला नाही. दोन किलोची लेन्स पुढे लोंबकळत ठेवून बॉडी ट्रायपॉडवर लावणारे लोक अजून दिसतात, माउंटवर सगळा ताण येतो. कॉलरच्या पायाला आर्का पद्धतीची (सरकवून पटकन बसणारी) प्लेट लावून ठेवा, मग मोनोपॉड, ट्रायपॉड, गिंबल सगळीकडे तीच चालते.

बोटीत, ऐरोलीच्या फेरीत किंवा भिगवणला, काहीच टेकवू नका. बोटीच्या कडेला कोपर टेकवलं की इंजिनाची थरथर सरळ लेन्समध्ये येते. हातात धरा, स्टॅबिलायझर चालू, शटर स्पीड १/१६०० किंवा जास्त, आणि बसून काढा.

मग ट्रायपॉड कधी? एकाच जागी तासभर बसणार असाल तेव्हा. पाणवठ्यावरचं मचाण, अलिबागजवळचा आक्षीचा किनारा, गावाकडचं तळं. घ्यायचा असेल तर मधला उभा दांडा नसलेला किंवा न उचलता डोळ्यापर्यंत येणारा घ्या, तो दांडा वर केला की सगळी मजबुती गेली. वरच्या नळीची जाडी २८ मिलिमीटरच्या खाली नको. कार्बन फायबर हलका पडतो पण महाग, ॲल्युमिनियमही तेवढंच काम करतो, फक्त खांदा दुखतो. किनाऱ्यावरून आलात की पाय गोड्या पाण्याने धुवा आणि उघडे ठेवून वाळवा, खारं पाणी आणि वाळू लॉकमध्ये बसली की दोन महिन्यांत किरकिर सुरू.

त्यावर गिंबल हेड. बॉलहेडवर मोठी लेन्स ठेवली आणि स्क्रू सैल केला की ती एका बाजूला धाडकन कलंडते, बोटं चिरडतात. गिंबलवर आधी लेन्स बसवा, दोन्ही नॉब सैल करा, हात काढा. नाक खाली गेलं तर प्लेट मागे सरकवा, वर गेलं तर पुढे. जिथे सोडाल तिथेच थांबली की तोल जमला, त्यानंतर एका बोटाने उडणाऱ्या घारीमागे फिरवता येते. बाहेर येणारी झूम असेल तर जास्त वापरता त्या एमएमलाच तोल लावा.

स्टॅबिलायझर आणि शटर

स्टॅबिलायझर तुमचा हात थांबवतो, पक्ष्याला नाही. बसलेल्या पक्ष्याला १/५०० ठेवा, उडणाऱ्याला १/२००० च्या पुढे, चालणाऱ्या वाघाला १/५०० चालतं, अगदी संध्याकाळी उभा असेल तर बीनबॅगवर १/१२५ सुद्धा निघतो, पण दहा-बारा फ्रेमचा बर्स्ट मारा, त्यातले दोन-तीन शार्प येतील. हातात धरून काढताना क्रॉप सेन्सरला ४०० एमएम म्हणजे १/६४० ही किमान पातळी समजा. घट्ट ट्रायपॉडवर बऱ्याच जुन्या लेन्समध्ये स्टॅबिलायझर बंद करावा लागतो, नाहीतर तोच हलायला लागतो. नव्या लेन्स स्वतः ओळखतात, मॅन्युअलमध्ये एक ओळ असते ती वाचा. बीनबॅगवर आणि मोनोपॉडवर चालू ठेवा.

घरी आल्यावर

मुंबईत लेन्सला चोरापेक्षा बुरशीची भीती जास्त. लेन्स तिच्या कापडी किंवा चामड्याच्या पाऊचमध्ये महिनोन्महिने ठेवायची नाही, त्यातच ओल धरते. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम, ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. नसेल तर हवाबंद झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. फार कोरडंही नको, ३० टक्क्यांच्या खाली गेलं तर सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या काढा. रंग बदलणारी सिलिका घ्या, निळ्याची गुलाबी झाली की तिचं पोट भरलं, जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करा, निळी झाली की पूर्ण गार करून परत डब्यात. तो तवा मग पोळ्यांना वापरायचा नाही. आणि एसीच्या खोलीतून जुलैच्या हवेत लेन्स काढताना अर्धा तास बॅगेतच राहू द्या, चेन उघडायची नाही, काचेवर वाफ धरत नाही.